मेस्ताची लेक मेस्त होईन म्हणते, काय सांगावं?

साखळीची_मावशी
२१ सप्टेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिलाच धागा काढते आहे. सांभाळून घ्या.

माझ्या बहिणीचे यजमान मेस्त, म्हणजे गवंडी, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) काम करणारे. तीस वर्षं झाली. डिचोली, साखळी, पाळी या पट्ट्यात त्यांनी बांधलेली घरं येता-जाता दिसतात. आता गुडघे साथ देत नाहीत, शिडी चढताना हात धरावा लागतो. त्यांना दोन मुली. थोरली वीस वर्षांची, बारावी झाली, वर्षभर एका दुकानात कॅशवर बसली. ते काम सोडलं आणि आता म्हणते, चवथ झाली, पाऊस ओसरला की बाबांबरोबर कामाला जाणार. हेल्पर म्हणून नाही, मेस्त म्हणून.

घरात रणकंदन चालू आहे. बहीण जेवत नाही. दिराकडचे लोक म्हणतात, नाक कापलं जाईल, लग्नाचं बघा. भाऊजी गप्प आहेत. मला विचारलं तर माझंही मन सुरुवातीला हो म्हणत नव्हतं.

पण मी जे पाहिलं ते सांगते. मे महिन्यात आमच्या मागच्या दारी न्हाणीघर बांधलं. भाऊजींना वाकता येत नव्हतं, म्हणून पोरगीच पुढे झाली. आधी चारही कोपरे उभे केले, मग दोरी ताणली. प्रत्येक चिरा लावायच्या आधी पाण्यात बुचकळून काढत होती. मी विचारलं कशाला गं, तर म्हणाली, कोरडा चिरा सिमेंटच्या मालातलं पाणी पितो, मग सांधा धरत नाही. चिरा ठेवला की थापीच्या मुठीनं दोनदा ठोकायची, बाजूनं आलेला माल त्याच थापीनं उचलून पुढच्या सांध्यात भरायची. एक थेंब वाया नाही. तिसऱ्या थराला भाऊजींनी भिंत सरळ उभी आहे का बघायला ओळंबा सोडला. बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले. काही बोलले नाहीत. उठले, आणि तिच्यासाठी माल कालवायला बसले. तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कोणासाठी माल कालवलेला मी पाहिला नव्हता.

आता सांगा. इथं कोणी बाई प्रत्यक्ष हातात हत्यार घेऊन हे काम करते का? गवंडी, वायरिंग, नळकाम, रंग, काहीही. तिला काय सांगू? आणि बहिणीला काय सांगू?


मांडवीकाठ
२१ सप्टेंबर, रात्री ९:३८

मावशी, धागा काढलात ते उत्तम केलंत. माझं मत एका ओळीत: ज्या भिंतीला ओळंबा लागतो, त्या भिंतीला बाई-पुरुष लागत नाही. लावू दे तिला.


कंत्राटी_काका
२१ सप्टेंबर, रात्री १०:१५

मी बत्तीस वर्षं या धंद्यात आहे. मनापासून लिहितो, राग मानू नका.

मुलगी हुशार आहे हे तुमच्या लिहिण्यावरून कळतंच. पण घरामागचं न्हाणीघर वेगळं आणि साईट वेगळी. चिरा पंचवीस-तीस किलोच्या खाली नसतो. दिवसाला शे-दीडशे चिरे उचलून लावायचे. कमरेपर्यंतची भिंत सोपी, पण लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडकीवरच्या पट्टीच्या, वर गेलं की परांचीवर उभं राहून काम. तिथं बांबू हलतो, खाली बघवत नाही. पुरुषांच्या कमरा पन्नाशीत जातात. वीस वर्षांच्या मुलीनं हे का अंगावर घ्यावं? आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स कर म्हणावं, ड्राफ्ट्समनचा कर म्हणावं. कामाचं काम आणि शरीराला धक्का नाही. उद्या काही झालं तर जबाबदारी माझ्यासारख्यावर येते.


विजापूरवाली
२१ सप्टेंबर, रात्री ११:५२

कंत्राटी काका, तुमचा प्रतिसाद वाचून झोपायला गेले होते, पण झोप येईना, उठून लिहिते आहे.

माझी आई विजापूरकडची. आम्ही लमाणी. मी दोन वर्षांची असताना आई-बाबा गोव्यात आले. मी वास्कोत सरकारी मराठी शाळेत शिकले, आज एका दवाखान्यात नर्स आहे. माझ्या आईनं २२ वर्षं बांधकामावर काम केलं. तुम्ही म्हणता तो पंचवीस-तीस किलोचा चिरा मेस्ताच्या हातापर्यंत कोण नेतं? ट्रक रिकामा होतो रस्त्यावर. तिथून डोक्यावर घेऊन, लाकडी फळीवरून चालत, दुसऱ्या मजल्यावर मेस्ताच्या पायाशी आणून ठेवते ती बाईच असते ना? मेस्त तो चिरा फूटभर उचलतो आणि जागेवर ठेवतो. माझी आई तो शंभर पावलं डोक्यावर वाहायची. एकेका दिवसात किती वेळा ते मोजायची सोय नव्हती.

ताकदीचं म्हणाल तर ती बायकांकडून आधीच घेतली जाते आहे, काका. मिळत नाही ती थापी.

आईला मालातलं सगळं कळायचं. फावडं मालात घातल्यावर आवाज कसा येतो त्यावरून पाणी जास्त झालं की कमी ते सांगायची. मेस्त लोक तिलाच हाक मारायचे, "अक्का, माल बघ." २२ वर्षं माल तिनं बघितला, पण भिंतीला हात लावू दिला नाही कोणी. आणि रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, मेस्ताच्या निम्म्याहून कमी. तिची चुंबळ आमच्या घरात अजून खिळ्याला टांगलेली आहे. जुन्या लुगड्याची, मधे दबून तव्यासारखी चपटी झालेली. आईची मान आता उजवीकडे वळत नाही.

मावशी, तुमच्या भाचीला सांगा, साईटवर जायचं असेल तर थापी घेऊनच जा. घमेलं घेऊन गेलीस तर वीस वर्षांनी पण घमेलंच राहील.


मांडवीकाठ
२२ सप्टेंबर, सकाळी ७:०५

विजापूरवाली ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्या घराचं काम चाललं होतं तेव्हा आठ बायका होत्या. मला एकीचंही नाव माहीत नाही. मेस्तांची सगळ्यांची माहीत आहेत. हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.


निवृत्त_कारकून
२२ सप्टेंबर, सकाळी १०:२०

वजनाचा विषय निघालाच आहे तर कायद्यातलं सांगतो, नोकरीत या फायली हाताळल्या आहेत.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला, त्याखालचे केंद्रीय नियम १९९८ चे. त्या नियमांत एका माणसानं एकट्यानं किती ओझं उचलावं याची मर्यादा घातली : प्रौढ पुरुष ५५ किलो, प्रौढ स्त्री ३० किलो. सिमेंटचं पोतं ५० किलोचं. म्हणजे बाईच्या डोक्यावर अख्खं पोतं देणं नियमात बसत नाही. ओला चिरा काठावर येतो. आता आपापल्या घराच्या कामावर काय पाहिलंत ते आठवा.

त्याच कायद्यात ५० पेक्षा जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघर सक्तीचं केलं, आणि संडास-मुताऱ्या, पिण्याचं पाणी हे तर सगळ्यांसाठीच. कामगार म्हणून नोंदणी करायला वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. बांधकामाच्या खर्चावर जो एक टक्का उपकर घेतात तो याच कामगारांच्या कल्याणासाठी. समान कामाला समान वेतन हा कायदा तर १९७६ चा.

घोडं पेंड खातं ते "समान काम" या शब्दांपाशी. मस्टरवर (हजेरीपटावर) बाईच्या नावापुढे "हेल्पर" लिहिलं की काम समान राहातच नाही. मावशी, मुलगी कामाला गेली तर पहिल्या दिवसापासून ९० दिवसांचा हिशेब वहीत ठेवायला सांगा, आणि हुद्दा काय लिहिला आहे ते बघायला सांगा.


रिंगा_आणि_रॉड
२२ सप्टेंबर, दुपारी १:४५

कारकून काकांनी मस्टरचा विषय काढला, त्यावर माझा अनुभव.

मी फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजमधून सिव्हिल केलं, ११ वर्षं साईटवर आहे. पर्वरीच्या एका कामावर ओडिशाचं एक जोडपं होतं. नवरा बारबेंडर, म्हणजे सळ्या वाकवून बांधणारा, बायको हेल्पर. प्रत्यक्षात नवरा वर कॉलम बांधायचा आणि कॉलमच्या सळ्यांभोवती बसणाऱ्या सगळ्या रिंगा ती वाकवायची. लाकडी फळीवर खिळे ठोकून केलेला साचा, हातात वाकवायची चावी, शेजारी ८ मिलिमीटरच्या कापलेल्या सळ्यांचा ढीग. रिंगेचं टोक १३५ अंशात आत वळलेलं पाहिजे, म्हणजे भूकंपाच्या धक्क्यात रिंग उघडत नाही. बहुतेक लोक ९० वर सोडून देतात, कारण शेवटचा झटका देताना मनगट दुखतं. तिची एक रिंग कधी ९० ची आली नाही. मी ढिगातून कुठलीही उचलून बघायचे. तिला आकड्यात अंश सांगता येत नव्हते, ती म्हणायची, "दीदी, नाक अंदर."

मी मुकादमाला म्हटलं, हिचं नाव बारबेंडर म्हणून लिही. तो म्हणाला, मॅडम, मग नवऱ्याला काय लिहू? जसं काही एका घरात एकच कारागीर असतो. मी वरपर्यंत गेले. दोन महिने नुसतं बघू-बघू झालं. एके दिवशी दोघं कारवारकडच्या कामाला निघून गेली. मस्टरच्या शेवटच्या पानावर ती हेल्परच होती. मी सही करणारी होते, माझ्या सहीखाली ते गेलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मावशी, इंजिनियर म्हणून मला त्रास झाला तो वेगळा. नऊ-नऊ तास पाणी प्यायचं नाही, कारण जायला जागा नाही. दोनदा मूत्रसंसर्गानं आजारी पडले. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. मुलगी कामाला जाईल तिथं पहिली चौकशी संडासाची करा. लाजू नका. कंत्राटदारालाच विचारा.


हळदीकुंकू_मडगाव
२२ सप्टेंबर, दुपारी ३:३०

मी वयानं मोठी आहे, जुन्या विचारांची म्हणा हवं तर. मला त्या बहिणीचं दुःख कळतं. मुलगी मेहनत करेल, भिंत सरळ बांधेल, सगळं खरं. पण दिवसभर परक्या पुरुषांत, उन्हात, संध्याकाळी अंगभर सिमेंट घेऊन बसनं घरी येणार. स्थळं येताना विचारतात मुलगी काय करते. तेव्हा त्या आईनं काय सांगायचं? आपण इथं टाळ्या वाजवून मोकळे होऊ, निस्तरायचं तिला आहे.


वाळपईची_वायरवाली
२२ सप्टेंबर, रात्री ८:५०

काकू, तुमची काळजी माझ्या आईनं पण केली होती, म्हणून उत्तर देते.

मी सत्तरी तालुक्यातली. आयटीआयला इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा कोर्स. वर्गात आम्ही तीन मुली होतो. वायरमनचं परमिट काढलं आणि नऊ वर्षं स्वतंत्र कामं घेते. लग्न झालं आहे, एक मुलगा आहे. बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, काय करतेस? मी सांगितलं. ते म्हणाले, आमच्या विहिरीच्या पंपाला शॉक येतो, बघशील का? चहा प्यायच्या आधी मी पंप बघून आले. अर्थिंगची तार गंजून तुटली होती. लग्न जमलं ते तिथंच.

सगळ्यांना असे सासरे मिळत नाहीत हे मला माहीत आहे. दोन स्थळं मोडली पण होती. पण जे घर माझ्या कामावरून मोडलं, ते घर मला नकोच होतं.

कामाचं सांगते. पहिली दोन वर्षं कोणी बोलावत नव्हतं. मी दारात पिशवी घेऊन उभी राहिले की विचारायचे, मिस्त्री कधी येणार? मी म्हणायची, आला. मग घरातल्या बायकांनीच मला वर काढलं. दुपारी घरात एकटी बाई असते, अनोळखी पुरुषाला आत घ्यायला बिचकते. मला थेट स्वयंपाकघरात नेते, फ्रीजमागची जळकी पिन दाखवते, आणि वर सांगते की गीझरला हात लावला की मुंग्या येतात. हे नवऱ्याला दहा वेळा सांगून झालेलं असतं. मी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (शॉक बसायची वेळ आली की वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय न्हाणीघराच्या कामाचे पैसे घेत नाही. एकीनं दुसरीला सांगितलं, आता महिन्याच्या तारखा द्याव्या लागतात.

कंत्राटी काका, तुम्ही इलेक्ट्रिशियनचा कोर्स सुचवलात, त्याला शरीराला धक्का नाही म्हणालात. चिऱ्याच्या भिंतीत हातोडा-छिन्नीनं पाईपची खाच मारून बघा एकदा. चिरा वरून मऊ दिसतो, आत लोखंडासारखा.


मांडवीकाठ
२२ सप्टेंबर, रात्री ९:१५

पंप दुरुस्त करून नवरा मिळवला. पंपाचे पैसे घेतले की नाही?


वाळपईची_वायरवाली
२२ सप्टेंबर, रात्री ९:२२

साडी मिळाली सासूबाईंकडून. हिरवी. अजून आहे.


जांभा_प्रेमी
२३ सप्टेंबर, सकाळी ८:००

वायरवाली ताईंच्या शेवटच्या वाक्यावर थोडं विषयांतर, क्षमस्व. चिरा खाणीतून काढताना मऊच असतो, म्हणून तर तो कापता येतो. हवा लागली, पाणी सुकलं की त्यातलं लोखंड घट्ट होत जातं. १८०७ साली फ्रान्सिस बुकानननं मलबारातल्या या दगडाचं वर्णन छापलं आणि त्याला लॅटराइट नाव दिलं, विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. जुन्या गोव्याची बॉम जेझूची बासिलिका याच दगडाची, १५९४ ते १६०५ मधली. बाहेरचा गिलावा गेल्या शतकात काढल्यामुळे आज तिचे चिरे उघडे दिसतात. मी शेकडो वेळा त्या भिंतींपाशी उभा राहिलो आहे, पण ते चिरे तिथवर वाहिले कोणी हा प्रश्न मला विजापूरवाली ताईंचं वाचेपर्यंत पडला नव्हता.


फोंडा_फास्ट
२३ सप्टेंबर, सकाळी ९:१२

चिऱ्याचा विषय निघालाय तर विचारतो, सध्या काय भाव चालू आहे? कुंपणाला गडगा (भिंत) घालायचा आहे. की सिमेंटचे ब्लॉक परवडतील?


निवृत्त_कारकून
२३ सप्टेंबर, सकाळी ९:४०

भावासाठी वेगळा धागा काढा कृपया. इथं चांगली चर्चा चालली आहे.


पूल_आणि_पाणी
२३ सप्टेंबर, सकाळी ११:३०

भाचीला वाचायला म्हणून काही नावं देतो. शकुंतला भगत, मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजमधून १९५३ साली सिव्हिल इंजिनियर झाल्या, पुढे सुट्या भागांतून जोडायचे पोलादी पूल त्यांनी घडवले. काश्मीरमधल्या चिनाब पुलाच्या पायाच्या खडकाचं काम १७ वर्षं पाहणाऱ्या बंगळूरच्या प्राध्यापिका माधवी लता. तो पूल २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला. लंडनचा वॉटर्लू पूल दुसऱ्या महायुद्धात मुख्यतः बायकांनी बांधला, आजही त्याला लेडीज ब्रिज म्हणतात.


विजापूरवाली
२३ सप्टेंबर, दुपारी १२:४०

नावं मोठी आहेत, मान आहे. पण पहिली दोन इंजिनियरांची आहेत. इंजिनियर झालेल्या बाईला लोक मॅडम म्हणतात. भाचीला थापी धरायची आहे, तिला तसली उदाहरणं द्या. लंडनच्या पुलाचं तेवढं जवळचं वाटलं.


पूल_आणि_पाणी
२३ सप्टेंबर, दुपारी १:०५

बरोबर बोललात ताई. मग हे घ्या. झारखंडमध्ये स्वच्छ भारत मोहिमेत गावोगाव संडास बांधायचे होते आणि गवंडी मिळत नव्हते, पुरुष बाहेरगावी कामाला गेलेले. तेव्हा गावातल्या बायकांना गवंडीकाम शिकवलं. त्यांना तिकडे "रानी मिस्त्री" म्हणतात. केरळात कुटुंबश्री या सरकारी बचतगट योजनेतल्या बायकांचे गट पायापासून छपरापर्यंत घरं बांधतात. शिकवणारा मिळाला तेव्हा काम अडलं नाही. तुमच्या भाचीकडे तर शिकवणारा घरातच आहे.


रिंगा_आणि_रॉड
२३ सप्टेंबर, रात्री ९:३०

रानी मिस्त्री हा शब्दच किती छान आहे. नाव मिळालं की मस्टरवर लिहिता येतं.


विजापूरवाली
२३ सप्टेंबर, रात्री १०:१०

कारकून काका, पाळणाघराचं तुम्ही लिहिलंत. माझा धाकटा भाऊ दोन टेकूंना बांधलेल्या साडीच्या झोळीत वाढला. आई घमेलं घेऊन जाताना पायानं झोळीला धक्का द्यायची. मी पाच वर्षांची, त्याच्यावर लक्ष ठेवायला. शाळा उशिरा सुरू झाली ती त्यामुळेच. ५० बायका एका साईटवर आम्ही कधी पाहिल्याच नाहीत. दहा-बारा असायच्या. दहा बायकांच्या मुलांनी काय करायचं?


निवृत्त_कारकून
२४ सप्टेंबर, सकाळी ८:३०

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ साली अशाच एका साईटवर उन्हात ठेवलेलं बाळ पाहिलं आणि तिथंच तंबूत पाळणाघर सुरू केलं. मोबाइल क्रेशेस ही संस्था ती हीच, पुढे मुंबई-पुण्यातही पोचली. त्यांनी आकडा मोजत बसायची वाट पाहिली नाही. पन्नासचा आकडा मी आयुष्यभर फायलीत वाचला, त्याच्याखाली उरलेल्यांचा विचार तुमच्यामुळे केला.


हळदीकुंकू_मडगाव
२४ सप्टेंबर, सकाळी ११:१५

मी कालपासून सगळं वाचते आहे. एक कबूल करते. माझ्या अंगणातली फरशी बसवली तेव्हा दोन बायका होत्या, उन्हात, परक्या पुरुषांतच. मी त्यांना पाणी दिलं, पण त्यांच्या लग्नाची चिंता माझ्या मनात आली नव्हती. ती आपल्यातल्या मुलीसाठीच आली. याचा मला विचार करावा लागेल. आईची काळजी मात्र खोटी नाही, ती पुन्हा म्हणते.


कंत्राटी_काका
२४ सप्टेंबर, रात्री १०:४५

तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं सुचत नव्हतं.

विजापूरवाली बाय, तुझी आई कदाचित माझ्या साईटवर पण असेल. मीही बायकांना रोज कमीच दिला. बाजारात जो चालतो तो दिला, असं म्हणून मोकळा झालो.

खरी अडचण सांगतो. मी एकदा एका बाईला गिलाव्याला लावलं होतं. हात सुरेख होता तिचा, रंधा फिरवला की भिंत ताटासारखी. घरमालक आला, बघितलं, आणि मला म्हणाला, बाई लावली आहे तर दर कमी करा. मी वाद घातला नाही, तिला खाली उतरवलं. म्हणजे ताकदीचं मी जे लिहिलं ते वरवरचं होतं. गिऱ्हाईक पैसे कापेल ही भीती होती.

आता उपाय. रोजावर जाऊ नका. चिऱ्याच्या कामात नगावर दर ठरवता येतो, चिऱ्यामागे इतके. मोजायला आलेला माणूस भिंतीतले चिरे मोजतो, कोणी लावले ते भिंतीवर लिहिलेलं नसतं. मावशी, तुमच्या भाऊजींनी ठेका घ्यावा, नगावर, आणि बाप-लेकीनं मिळून करावा. आमोण्याला माझं एक गडग्याचं काम आहे, चार फूट उंच, परांचीची गरज नाही. चतुर्थीला गावी गेलेली माणसं अजून परतली नाहीत. दर इतरांना देतो तोच. मला निरोप पाठवा. संडास शेजारच्या घरात आहे, मी स्वतः विचारून ठेवतो.


मांडवीकाठ
२४ सप्टेंबर, रात्री ११:००

काका, नमस्कार घ्या.


रिंगा_आणि_रॉड
२५ सप्टेंबर, सकाळी ७:२०

नगावर दर ही गोष्ट मला ११ वर्षांत सुचली नाही. रिंगा पण नगावर देता आल्या असत्या. पुढच्या कामावर मांडून बघते. एकच भीती, नगावर काम असलं की लोक जेवायला पण थांबत नाहीत. भाचीला सांगा, घाई करू नको, सुरुवातीला चिरे कमी लागले तरी चालतील.


साखळीची_मावशी
२ नोव्हेंबर, रात्री ८:३०

महिना उलटून गेला, सगळ्यांची आधी क्षमा मागते. सांगण्यासारखं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आमोण्याचा गडगा झाला. बाप-लेक दोघं स्कूटरवर जायची, मागे डबा आणि ओळंबा. पहिल्या दिवशी ४० चिरे लागले, रात्री तिला भाकरी मोडवत नव्हती, बोटं सुजली होती. आईनंच भरवली. बोलली काही नाही, पण भरवली. शेवटच्या आठवड्यात दिवसाला ९० पर्यंत गेली. सांधामोड, म्हणजे वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ न देणं, कुठं चुकली नाही. मधे एकदा पाऊस आला, तिनं स्वतःचा रेनकोट काढून ओल्या थरावर घातला आणि भिजत उभी राहिली. भाऊजी ओरडले आणि मग स्वतःचा पण काढून घातला.

रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. एक-दोघं नको ते बोलले. एक म्हातारी रोज चारला थांबायची, शेवटच्या दिवशी केळी घेऊन आली.

काका स्वतः मोजायला आले. जो दर बोलले तोच दिला, आणि पैसे तिच्या हातात दिले, बापाच्या नाही. हळदीकुंकू काकू, माझ्या बहिणीनं त्यातली पहिली नोट देवापुढं ठेवली. अजून तिचं पूर्ण मन झालेलं नाही, पाहुण्यांत विचारलं तर "बाबांना मदत करते" असंच सांगते. पण सकाळी डबा आता न सांगता भरते. कारकून काका, वही ठेवली आहे, दिवस मोजतो आहोत. विजापूरवाली ताई, तुमचा पहिला प्रतिसाद भाचीनं फोनमध्ये जपून ठेवला आहे. आईंना भेटायला यायचं म्हणते, त्यांना चालेल का?

पुढचं काम मयेला एका घराचं, भिंत लिंटेलच्या वर जाणार. काकांनी सेफ्टी बेल्ट दिला आहे, पण बूट मिळत नाहीत. लोखंडी टोकाचे सगळे सात नंबरच्या पुढचे, हिचा पाय चार नंबरचा. काय करायचं?


वाळपईची_वायरवाली
२ नोव्हेंबर, रात्री ८:५२

सातचे बूट घेऊन आत कापड कोंबू नका, परांचीवर पाय घसरतो. मी पहिल्या वर्षी तसंच केलं आणि शिडीवरून आले खाली. बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज बनतात, ऑनलाइन चार नंबर शोधला की दिसतात. दुकानदाराला सांगितलं तर मागवूनही देतो, आठवडा लागतो. पायाचा कागदावर ठसा काढून न्या. संध्याकाळी काढा, दिवसभर उभं राहून पाय सुजलेला असतो तेव्हाचं माप खरं.


विजापूरवाली
२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आईला विचारलं. म्हणाली, ये म्हणावं, पण रविवारी, आणि येताना थापी घेऊन ये, बघू दे कशी धरते.